स्विचवर रात्री हात कोणी लावला? सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर शोधायचं कसं?

पाणमांजर | सोमवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघात नेटवर्कचं काम बघतो. मुख्य कार्यालय, प्लांट आणि तेरा शीतकरण केंद्रं. सगळं मिळून साठ-बासष्ट स्विच आणि राउटर. बहुतेक सिस्कोचे, केंद्रांवर थोडे मायक्रोटिक.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे पावणेपाचला केंद्रांवरून फोन सुरू झाले. दूध घेऊन लोक रांगेत उभे आणि संगणक मुख्य कार्यालयाशी बोलेनात. फॅट मोजलं जात होतं, पण पावती निघत नव्हती. रात्रपाळीला कंत्राटी मुलगा होता, वय तेवीस. त्याने सपोर्टला मेल केली, फोन केला, आणि शेवटी मुख्य स्विच रीस्टार्ट केला. त्यात वजनकाट्यासकट सगळंच आठ मिनिटं बंद पडलं. सहाला मी पोचलो. केंद्रांकडे जाणाऱ्या ट्रंकवरचे, म्हणजे अनेक नेटवर्कं एकत्र नेणाऱ्या जोडणीवरचे, सगळे व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) उडालेले, फक्त ६० नंबरचा राहिलेला. दोन मिनिटांत दुरुस्त झालं.

मग चौकशी. सगळ्या उपकरणांवर लॉगिन एकच, 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड मला, माझ्या दोन सहकाऱ्यांना, रात्रपाळीच्या मुलांना आणि बाहेरच्या सपोर्टवाल्यांना माहीत. मुलगा म्हणाला, मी ट्रंकला हात लावला नाही, फक्त रीस्टार्ट केला. सपोर्टवाले म्हणाले, आम्हीही नाही. रीस्टार्टमुळे स्विचच्या मेमरीतला लॉग पुसला गेला. ड्यूटीवर जो होता त्याच्यावर शेकलं. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण हातात पुरावा काही नाही. ही व्यवस्था मीच चालू ठेवली होती, ते सलतंय. आता ज्याचं त्याचं लॉगिन आणि कोणी काय टाइप केलं याची नोंद हवी आहे. लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरवर तपासायची पद्धत कोणती, टॅकॅक्स प्लस घ्यावी की रेडियस? बजेट जवळजवळ शून्य. सुरुवात कुठून करू?

मीनल वाकड | सोमवार, रात्री ११:०५

टॅकॅक्स प्लस. दुसरा विचार करू नका. सविस्तर उद्या लिहिते, आता चेंज विंडो (नेटवर्कमध्ये बदल करायची ठरलेली वेळ) चालू आहे.

तारवाला | सोमवार, रात्री ११:२०

आमच्याकडेही हेच. 'अ‍ॅडमिन' या नावाने पंधरा जण काम करतात. वाचनखूण साठवली.

सुपारीबाग | मंगळवार, सकाळी ७:३०

आजीच्या घरी प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. लग्नाकार्यात चाळभर पातेली फिरायची, पण संध्याकाळी ज्याचं पातेलं त्याच्या ओट्यावर परत. नाव नसलेली एक परात होती, तिच्यावरून दोन घरांत वर्षभर अबोला होता. तुमचं 'अ‍ॅडमिन' म्हणजे ती परात आहे.

मीनल वाकड | मंगळवार, सकाळी ९:१५

@पाणमांजर, आता नीट लिहिते.

तीन गोष्टी वेगळ्या धरा. तू कोण आहेस, तुला काय करायची परवानगी आहे, आणि तू काय केलंस याची नोंद. या तिन्हींना मिळून एएए म्हणतात. रेडियसमध्ये पहिल्या दोन एकाच उत्तरात येतात: लॉगिन बरोबर असेल तर 'ये, आणि ही तुझी पातळी' एवढं सांगून सर्व्हर बाजूला होतो. नंतर तुम्ही आत काय टाइप केलं हे त्याला कळत नाही. सेशन कधी सुरू झालं, कधी संपलं, इतकीच नोंद मिळते. टॅकॅक्स प्लसमध्ये तिन्ही सुटे आहेत, त्यामुळे प्रत्येक कमांडच्या वेळी स्विच सर्व्हरला विचारू शकतो, 'हा माणूस ही कमांड देतोय, देऊ का?' आणि दिल्यावर ओळ लिहून ठेवू शकतो.

याचं मूळ इतिहासात आहे. रेडियस १९९१ मध्ये लिव्हिंगस्टन कंपनीने डायल-अप ग्राहकांसाठी काढलं. माणूस जोडला, किती वेळ राहिला, बिल किती, हा त्यांचा प्रश्न. टॅकॅक्सची मुळं १९८४ च्या, अमेरिकी लष्कराच्या मिलनेटमध्ये आहेत. सिस्कोने नव्वदच्या दशकात ते नव्याने लिहून टॅकॅक्स प्लस केलं, ते उपकरणं सांभाळणाऱ्या माणसांसाठीच. गंमत म्हणजे एवढी वर्षं जगभर वापरात असूनही त्याचा रीतसर आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा प्रकाशित दस्तऐवज), ८९०७, आला तो सप्टेंबर २०२० मध्ये.

बजेट शून्य म्हणता, तर टॅक प्लस हा फुकटातला सर्व्हर आहे. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून चालेल. पण दोन मशीन ठेवा, एकावर भरवसा ठेवू नका. मायक्रोटिकला मात्र टॅकॅक्स येत नाही, त्यांच्या लॉगिनसाठी फ्री रेडियस लागेल.

कोअर९८ | मंगळवार, सकाळी १०:४०

थोडं विरुद्ध बोलतो. या क्षेत्रात मला सव्वीस वर्षं झाली. एका ठिकाणी प्रत्येक कमांडची नोंद सुरू झाली आणि सहा महिन्यांत मॅनेजर महिनाअखेरीस कोणी किती कमांड दिल्या ते मोजायला लागले. ज्याच्या कमी तो आळशी. मग लोक विनाकारण 'शो' कमांड मारत बसायचे. चांगली दोन माणसं सोडून गेली. तीन-चार जणांची टीम असेल तर एकमेकांवर विश्वास असावा. नसेल तर सर्व्हर आणून तो येत नाही.

पाणमांजर | मंगळवार, सकाळी ११:०२

@कोअर९८, तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे, पण आमच्याकडे विश्वास होता. तरी मुलगा गेला. विश्वास असून मला त्याच्यासाठी काहीच करता आलं नाही.

तेहतीस केव्ही | मंगळवार, दुपारी १:२५

मी नेटवर्कवाला नाही. वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो, आता निवृत्त. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे लाइनमनला खांबावर चढायचं असेल तर तो परमिट घेतो. फीडर बंद करून अर्थ केला की ऑपरेटर लॉगबुकात लिहितो: अमुक फीडर, अमुक वाजता, परमिट अमक्याच्या नावे. काम झालं की ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं. त्याच्या नावाखाली परतीची वेळ आणि सही आल्याशिवाय फीडर चार्ज करायचा नाही, मग वरून कितीही मोठ्या साहेबाचा फोन येवो. पाऊस कोसळतोय, गाव अंधारात आहे, लोक उपकेंद्राच्या गेटवर जमलेत, आणि आपण त्या एका सहीसाठी थांबलोय, अशा रात्री मी काढल्या आहेत.

त्या लॉगबुकाचा कोणालाही कधी अपमान वाटला नाही. कारण खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्या ओळीत असायचा. कोअर९८, तुमच्या मॅनेजरने वही चुकीच्या कामाला लावली. त्यात वहीचा दोष नाही.

मीनल वाकड | मंगळवार, दुपारी १:४०

काका, हे प्रिंट काढून आमच्या नॉकमध्ये (नेटवर्क नियंत्रण कक्षात) लावते.

कोअर९८ | मंगळवार, दुपारी २:१०

@तेहतीस केव्ही, मान्य. मग नोंदी कोण बघणार आणि कशासाठी, हे आधी कागदावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. बिघाड आणि ऑडिट सोडून दुसऱ्या कामाला वापरायच्या नाहीत. एवढं झालं तर माझी हरकत नाही.

फ्रीमाँटकर | मंगळवार, रात्री ८:५५

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहतो, म्हणून इथली गोष्ट सांगतो. जुलै २००८. शहराचं फायबरवॅन नावाचं नेटवर्क होतं. पगार, ईमेल, पोलिसांच्या नोंदी सगळं त्यावरून जायचं. ते उभं करणाऱ्या टेरी चाइल्ड्स या इंजिनियरने वरिष्ठांना पासवर्ड द्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं, हे लोक ते सांभाळायच्या लायकीचे नाहीत. त्याला अटक झाली, जामीन ठरला ५० लाख डॉलर. त्याने उपकरणांवर पासवर्ड रिकव्हरी बंद करून ठेवली होती, त्यामुळे बाकी कोणाला आत शिरता येईना. शेवटी आठवड्याभराने तेव्हाचे महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले आणि त्याने पासवर्ड फक्त त्यांच्या हातात दिले. या सगळ्या काळात नेटवर्क व्यवस्थित चालू होतं. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, चार वर्षांची शिक्षा झाली.

इथे तेव्हा दोन तट पडले होते. मला आजही वाटतं, त्याची काळजी खरी होती आणि कृती चूक होती. पण त्याहून मोठी चूक व्यवस्थेची. एका माणसाच्या डोक्यात शहराची किल्ली राहू दिली. पाणमांजर यांच्याकडे उलट टोक आहे, किल्ली सगळ्यांकडे. दोन्हीकडे रात्री दोन वाजता उत्तर देणारं कोणी नसतं.

तारवाला | मंगळवार, रात्री ९:३०

मला काही तो दोषी वाटत नाही. ज्याला कळत नाही त्याला पासवर्ड का द्यायचा?

फ्रीमाँटकर | मंगळवार, रात्री ९:५०

@तारवाला, द्यायचा नसेल तर प्रत्येकाला त्याच्या मगदुरापुरतं लॉगिन द्यायचं. वरिष्ठांना बघण्यापुरतं. ती सोय तेव्हाही होती.

शिडी आणि स्क्रू | मंगळवार, रात्री १०:१५

एएए सुरू करताना मी स्वतः बाहेर अडकलो होतो, ते लिहून ठेवतो म्हणजे बाकीचे वाचतील.

ओळ साधारण अशी असते: आधी टॅकॅक्सला विचार, मग लोकल (स्विचवरच साठवलेलं लॉगिन). बरेच जण समजतात की टॅकॅक्सने नाही म्हटलं की लोकल पासवर्ड चालेल. तसं नाही. सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तरच स्विच लोकलकडे वळतो. सर्व्हर जिवंत आहे आणि 'हा माणूस मला माहीत नाही' म्हणाला, तर दार बंद. मी सर्व्हर चालू केला, त्यात युजर घालायचे राहिले आणि सेशन बंद केलं. रात्री गाडी काढून साठ किलोमीटर गेलो. तिथे सर्व्हरची केबल उपटली, तेव्हा कुठे लोकल लॉगिन चाललं.

तेव्हापासूनचा शिरस्ता: एक सेशन उघडंच ठेवायचं आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं. बदल सुरू करण्याआधी 'रीलोड इन १०' द्यायचं. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो, सगळं नीट झालं तर रीलोड रद्द करून मग सेव्ह करायचं. कन्सोलसाठी (स्विचला थेट तार लावून करायच्या लॉगिनसाठी) वेगळी यादी, फक्त लोकल. आणि प्रत्येक साइटला एक आणीबाणीचं लोकल लॉगिन, पासवर्ड लाखबंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. पाकीट फुटलं की पासवर्ड बदलायचा.

गवती चहा | बुधवार, सकाळी ८:१०

शिडीभाऊंना +१. पाकिटावर कोणी, कधी, कशासाठी उघडलं हे लिहायला जागा ठेवा.

हिरवा पोर्ट | बुधवार, सकाळी ९:००

सर्व्हर उभा राहीपर्यंत आजच्या आज करण्यासारखं: प्रत्येकाच्या नावाने लोकल युजर बनवा. साठ उपकरणं असली तरी स्क्रिप्टने एका दुपारचं काम आहे. पासवर्ड सिस्कोच्या टाइप ७ पद्धतीने साठवू नका, तो उलटा फिरवणारी साधनं नेटवर पडलेली आहेत. टाइप ८ किंवा ९ वापरा. मग आर्काइव्हमधला कॉन्फिग लॉग चालू करा. कोणत्या युजरने कॉन्फिगची कोणती कमांड दिली हे स्विच स्वतः लिहितो. त्यात 'हाइडकीज' द्या, नाहीतर टाइप केलेले पासवर्डही लॉगमध्ये जातील. आणि हे सगळं सिसलॉगने बाहेर दुसऱ्या मशीनवर पाठवा. स्विचच्या पोटातला लॉग रीस्टार्टला मरतो, हे तुम्ही बघितलंच.

मोडी लिपी | बुधवार, सकाळी ११:४५

मी ऑडिटच्या बाजूने लिहिते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने (सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने) निर्देश काढले. लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची, आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या. बजेट मागताना हा मुद्दा वापरा. 'इंजिनियरला हवंय' म्हटलं की फाइल खाली जाते, 'निर्देश आहेत' म्हटलं की वर येते.

घड्याळाचं खास सांगते. मी तपासलेल्या ठिकाणी सर्वांत जास्त सापडणारी चूक तीच. लॉग असतात, पण तारीख १ मार्च १९९३.

तारवाला | बुधवार, दुपारी १२:०५

हो! आमच्याकडेही १९९३ दिसतं. हे काय प्रकरण आहे?

हिरवा पोर्ट | बुधवार, दुपारी १२:३०

@तारवाला, बऱ्याच छोट्या सिस्को स्विचमध्ये वेळ धरून ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की घड्याळ १ मार्च १९९३, रात्री बारापासून मोजायला लागतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलेलं नसेल तर तसंच चालत राहतं. लॉगमध्ये वेळेच्या आकड्यांआधी चांदणी (*) दिसली तर समजायचं, या वेळेवर स्विचचा स्वतःचाच भरवसा नाही.

नळाखालची बादली | बुधवार, दुपारी ३:२०

@पाणमांजर, एक विचारू? त्या मुलाने सपोर्टला मेल केली म्हणालात. मेलला काही जोडलं होतं का? सपोर्टवाले आधी 'शो टेक' (स्विचची सगळी माहिती एकदम काढणारी कमांड) मागतात. ते रीस्टार्टच्या आधी घेतलेलं असेल तर पुसला गेलेला लॉग त्या फाइलमध्ये जिवंत आहे.

पाणमांजर | बुधवार, दुपारी ३:४१

जोडली होती. पहाटे ५:११ ची मेल, सीसीमध्ये मी. मी तेव्हा गाडी चालवत होतो आणि नंतर ती उघडलीच नाही. आता उघडतो.

पाणमांजर | बुधवार, दुपारी ४:३०

फाइलमध्ये लॉग आहे. पण तारीख १९ मार्च १९९३. 'अ‍ॅडमिनने व्हीटीवाय शून्यवरून कॉन्फिग केलं' अशी ओळ आहे (व्हीटीवाय म्हणजे नेटवर्कवरून केलेलं लॉगिन), तिची वेळ ०६:५५:४८. पुढे कंसात आयपी आहे. या वेळेचं करायचं काय? सकाळी सात वाजता तर सगळं दुरुस्त झालं होतं.

नळाखालची बादली | बुधवार, दुपारी ४:४४

थांबा, निराश होऊ नका. घड्याळ चुकीचं असलं तरी ते चालत होतं ना? आपल्याला फरक काढायचाय. शो टेकमध्ये सुरुवातीलाच शो क्लॉक असतं, त्यातली वेळ सांगा. आणि फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत पुटीने (स्विचवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमने) पीसीची वेळ टाकलीय का?

पाणमांजर | बुधवार, दुपारी ४:५२

शो क्लॉक: चांदणी, १४:२०:११, १९ मार्च १९९३.
पुटीची पहिली ओळ: ०५:०२:३७, तारीख त्याच दिवसाची. पीसी डोमेनमध्ये आहे, वेळ बरोबर असते.

नळाखालची बादली | बुधवार, दुपारी ५:०५

१४:२०:११ मधून ०६:५५:४८ वजा करा. सात तास २४ मिनिटं २३ सेकंद. म्हणजे शो टेक घेण्याच्या सात तास चोवीस मिनिटं आधी कोणीतरी कॉन्फिग मोडमधून बाहेर पडलं. पुटी उघडून, लॉगिन करून कमांड द्यायला मिनिटभर धरा, म्हणजे शो टेक ५:०३ ते ५:०४ च्या दरम्यान. मागे मोजा.

रात्री ९:३९. एखाद मिनिट इकडे-तिकडे.

मुलाची पाळी किती वाजता सुरू झाली?

पाणमांजर | बुधवार, दुपारी ५:२१

दहाची पाळी. गेटवरच्या मशीनवर त्याचा अंगठा ९:५४ ला आहे. आत्ता हजेरी विभागातून काढून आणलं.

आयपी आमच्या ऑफिसच्या रेंजमधला नाही. बाहेरून व्हीपीएनने येणाऱ्यांना जी रेंज दिलेली आहे त्यातला आहे. रात्रपाळीच्या मुलांना व्हीपीएन नाहीच.

संध्याकाळचं संकलन आठला संपतं, म्हणून पहाटेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

हात थरथरतायत. उद्या लिहितो.

मीनल वाकड | बुधवार, दुपारी ५:३०

बादली, तुम्हाला दंडवत.

सुपारीबाग | बुधवार, संध्याकाळी ६:१०

मला यातलं अर्धं कळलं नाही, पण अंगावर काटा आला. पोराने रीस्टार्टच्या आधी ती फाइल काढून ठेवली म्हणून.

कोअर९८ | बुधवार, रात्री ९:००

@पाणमांजर, ६० नंबरचा व्हीलॅन नवीन होता का? सीसीटीव्हीसाठी वगैरे? तसं असेल तर कारणही हेच. नवीन व्हीलॅन ट्रंकवर चढवताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' नंतर 'ऍड' लिहायचं राहिलं. 'ऍड' नसेल तर स्विच समजतो की यादीच बदलायचीय. जुने सगळे जातात, एकटा नवीन राहतो. व्हीपीएनवाल्याचं स्वतःचं सेशन दुसऱ्या वाटेने होतं, म्हणून त्याला काहीच जाणवलं नसणार. तो सेव्ह करून झोपायला गेला असेल. मनात काही वाईट असेल असं वाटत नाही, माझ्याही हातून हे एकदा झालंय. पण दुसऱ्यावर शेकलं तेव्हा त्याने समोर यायला हवं होतं.

आणि कालच्या माझ्या प्रतिसादात थोडी दुरुस्ती. विश्वास पुरतो असं म्हणालो होतो. नाही पुरत.

पाणमांजर | गुरुवार, सकाळी ७:१५

हो, ६० सीसीटीव्हीचा. एका केंद्रावर कॅमेरे बसवण्याचं काम त्याच आठवड्यात सपोर्टकडे दिलं होतं.

शिडी आणि स्क्रू | गुरुवार, सकाळी १०:२०

थोडं अवांतर, पण टॅकॅक्स लावणाऱ्यांनी वाचावं. टॅकॅक्स प्लसचं जुनं कूटीकरण एमडी५ या कमकुवत ठरलेल्या पद्धतीवर आणि एका सामायिक कीवर चालतं. ती की सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवून मोकळे होऊ नका, आणि ही वाहतूक साध्या युजर व्हीलॅनमधून नेऊ नका. व्यवस्थापनाचा वेगळा व्हीलॅन हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिस्को टॅलोसने सॉल्ट टायफून टोळीबद्दल लिहिलं, त्यात हेच होतं. चोरलेल्या लॉगिनने आत शिरले आणि टॅकॅक्स, रेडियसची वाहतूक पकडून पुढच्या किल्ल्या मिळवत गेले. रेडियसवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. जुलै २०२४ मध्ये रेडियसमधली ब्लास्ट रेडियस ही त्रुटी निघाली, तीही एमडी५ मुळेच. फ्री रेडियस अद्ययावत ठेवा आणि मेसेज ऑथेंटिकेटर सक्तीचा करा.

मोडी लिपी | गुरुवार, सकाळी ११:३०

यात भर. टॅकॅक्स लावलं म्हणजे लोकल युजर बघायचे नाहीत असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को आयओएस एक्सईच्या वेब पानात भोक सापडलं होतं, तीव्रता १० पैकी १०. हल्लेखोर त्यातून स्वतःचा पातळी १५ चा, म्हणजे सगळे अधिकार असलेला, लोकल युजर बनवायचे. असा माणूस टॅकॅक्सला विचारणाऱ्या वाटेने येतोच असं नाही. म्हणून वेब पान नको असेल तर बंद, आणि रोज रात्री ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिडने कॉन्फिगची प्रत घेऊन कालच्या प्रतीशी ताडून बघा. नवीन युजर दिसला की सकाळी कळतं.

गवती चहा | गुरुवार, दुपारी १२:१५

कंत्राटी माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलता का कोणी? आम्ही नाही बदलत, साठ ठिकाणी कोण बदलणार. टॅकॅक्सला एका ठिकाणी नाव बंद केलं की झालं, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

तारवाला | गुरुवार, दुपारी १२:४०

चार वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीचा पासवर्ड मला अजून पाठ आहे. आज त्यांना फोन करून बदलायला सांगतो.

पाणमांजर | सव्वा महिन्यानंतर, रविवार, रात्री ९:१०

धागा वर काढतो. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

शो टेकची प्रिंट, हजेरीचा उतारा आणि बादलींची वजाबाकी एका पानावर मांडून साहेबांपुढे ठेवली. त्यांना सुरुवातीला १९९३ कुठून आलं ते समजेना. मग मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, काटे बारावर आणले, सेल परत घातला आणि म्हटलं, आता हे चुकीची वेळ दाखवतंय, पण पाच मिनिटं झाली की पाचच मिनिटं मोजेल. ते गप्प झाले. सपोर्टवाल्यांना पत्र गेलं. दोन दिवसांनी त्यांनी लेखी मान्य केलं.

मुलाला मी स्वतः फोन केला. त्याने दुसरीकडे काम धरलंय, परत येणार नाही म्हणाला, आणि ते बरोबरच आहे. कंत्राटदाराने त्याच्या अनुभवपत्रावर 'निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं होतं. ते रद्द करून नवीन पत्र दिलं, सोबत संघाचं वेगळं पत्र. ते घ्यायला तो आला होता. त्याला विचारलं, रीस्टार्टच्या आधी फाइल काढायचं कसं सुचलं? म्हणाला, तुम्हीच कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय, 'आधी शो टेक, मग रीस्टार्ट'. मी तो कागद दोन वर्षांपूर्वी लावला होता. माझ्या डोक्यातून गेला होता.

आता व्यवस्थेचं. जुन्या दोन डेस्कटॉपवर टॅक प्लस, मायक्रोटिकसाठी फ्री रेडियस. सगळीकडे एनटीपी. बासष्टपैकी चोपन्न उपकरणं झाली. शिडीभाऊंचं 'रीलोड इन १०' दोनदा उपयोगी पडलं. पाकिटं रोखपालांच्या तिजोरीत. कोअर९८ यांच्या सांगण्यावरून एक पानी नियम लिहिला: नोंदी फक्त बिघाड आणि ऑडिटसाठी, कामाचं मोजमाप त्यावरून नाही. साहेबांची सही घेतली आणि रात्रपाळीच्या मुलांना वाचून दाखवला. सपोर्टच्या प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन, तेही आम्ही काम सांगू तेवढ्या तासांपुरतं उघडायचं. तेहतीस केव्ही काका, त्याला आम्ही परमिटच म्हणतो.

तेहतीस केव्ही | रविवार, रात्री ९:४०

परमिट परत करताना सही घेता ना?

पाणमांजर | रविवार, रात्री ९:४४

घेतो काका. काम झालं की त्यानेच फोन करायचा, मग बंद.

कोअर९८ | रविवार, रात्री १०:०५

छान काम. 'ऍड' नसलेली ट्रंकची कमांड सर्व्हरवरच अडवलीत का? आम्हालाही करायचंय.

पाणमांजर | रविवार, रात्री १०:२०

हो. स्विचपोर्ट कमांडच्या नियमात पहिली ओळ नकाराची ठेवली: 'ट्रंक अलाउड व्हीलॅन' आणि त्यापुढे लगेच आकडा आला तर नको म्हण. खाली बाकी सगळ्याला हो. 'ऍड' किंवा 'रिमूव्ह' लिहिलं तर आकडा लगेच येत नाही, त्यामुळे ते सुटतं. स्विचवर कॉन्फिग मोडच्या कमांडसाठीही परवानगी विचारायची ओळ घाला, नाहीतर हा नियम लागूच होत नाही. त्यात मी एक दिवस घालवला. नवीन ट्रंक पहिल्यांदा बनवताना पूर्ण यादी द्यावीच लागते, तो अधिकार फक्त माझ्याकडे आणि एका सहकाऱ्याकडे ठेवलाय.

परवा सीसीटीव्हीचा दुसरा व्हीलॅन चढवताना सपोर्टच्या मुलाला नकार आला. त्याने फोन करून विचारलं, असं का होतंय? त्याला 'ऍड' सांगितलं.

तारवाला | रविवार, रात्री १०:३२

ती नकाराची ओळ सर्व्हरच्या फाइलमध्ये नेमकी ग्रुपखाली लिहिलीत की प्रत्येक युजरखाली? मी उद्या सकाळी लावायला घेतोय.

पाणमांजर | रविवार, रात्री १०:३५

ग्रुपखाली. नवीन माणूस आला की फक्त त्याचं नाव ग्रुपला जोडायचं. एक सेशन उघडं ठेवून करा.